डोळ्यामागची ठिकरी

तपासणी केंद्रात तिला सगळे झडतीबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि त्यात तिला काही वावगंही वाटत नव्हतं. एमआरआयच्या खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाची ती झडती घ्यायची, मग तो पेशंट असो, डॉक्टर असो, नाहीतर गळका एसी बघायला आलेला मेकॅनिक. "खिशात काय आहे?" "काही नाही." "दाखवा." आणि त्या 'काही नाही'मधून किल्ल्या, नाणी, नेलकटर, कवळी, काय वाटेल ते निघायचं. एका सभ्य बाईंनी चार वेळा नकारार्थी मान हलवली आणि पाचव्यांदा विचारल्यावर ब्लाउजमधून बँकेच्या लॉकरची किल्ली काढून दिली. नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून ती तिथे ठेवलेली होती. एका इंजिनिअरने तर तिलाच अक्कल शिकवली, "मी आत जाऊन झोपेपर्यंत मशीन बंद ठेवा की."

हे वाक्य ऐकलं की तिचं टाळकं सरकायचं. या मशीनमधलं चुंबक बंद होत नाही. दिवे घालवा, कॉम्प्युटर बंद करा, अख्ख्या इमारतीची वीज जाऊ द्या, चुंबक जागंच असतं. मशीन गप्प आहे, कुठे घरघर नाही, दिवा नाही, म्हणून माणूस लोखंड घेऊन बिनधास्त आत शिरतो आणि मग ते लोखंड त्याच्या हातात राहत नाही. ही गोष्ट तिने आजवर हजारो लोकांना सांगितली असेल. ज्या एका माणसाने ती ऐकायला हवी होती, त्याने ऐकली नाही, आणि त्याची किंमत तिच्या वडिलांनी मोजली.

वडील एका मोठ्या इस्पितळात अटेंडंट होते. तीस वर्षं स्ट्रेचर ढकललं, चादरी बदलल्या, रडणाऱ्यांना पाणी दिलं. सगळं इस्पितळ त्यांना मामा म्हणायचं. पुढे ती तिथेच एमआरआयला टेक्निशियन म्हणून लागली, तेव्हा कामावर बाबा कसं म्हणायचं म्हणून तीही मामा म्हणू लागली. मग तेच तोंडात बसलं आणि घरीही ते मामाच झाले. लेक त्या काचेमागे बसून एवढं मोठं यंत्र चालवते, याचा मामांना कोण अभिमान. डबा द्यायला आले तरी दाराबाहेरच्या पिवळ्या पट्टीला पाय लागू द्यायचे नाहीत. "लेकीचा कायदा आहे," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

त्या वेळी इस्पितळाचे जे अधीक्षक होते त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत. साहेब डॉक्टर नव्हते, कारभारी होते. फायली, उद्घाटनं आणि फोटो यांत त्यांचा जीव रमायचा. इस्पितळाची रंगीत माहितीपुस्तिका निघायची होती. नव्या मशीनचा फोटो त्यात हवाच होता. पण नुसतं मशीन फार ओकंबोकं दिसतं, शेजारी स्ट्रेचर आणि ऑक्सिजनचा सिलिंडर उभा असला म्हणजे लोकांना कळेल की इथे सगळ्या सोयी आहेत, असं साहेबांच्या सुपीक डोक्यातून निघालं. फोटोग्राफर दुपारी यायचा होता. ती जेवायला गेली होती. जाताना तिने दाराला कुलूप लावलं होतं, हे तिच्या हाताला आजही आठवतं. साहेबांकडे दुसरी किल्ली होती. त्यांनी दार उघडलं, आत जाऊन मशीनच्या तोंडापाशी उभे राहिले आणि मामांना म्हणाले, "तो सिलिंडर आण इकडे."

"साहेब, आत लोखंड चालत नाही."

"अरे, बंद आहे मशीन. आण तू."

तीस वर्षं ज्या माणसाने साहेबांचा शब्द खाली पडू दिला नव्हता, त्याने लेकीचा कायदा त्या एका शब्दापुढे मोडला. सिलिंडर गाडीवरून सुटला. मामांनी तो धरून ठेवायचा प्रयत्न केला, आणि तीच चूक झाली. धरला नसता तर हात वाचला असता.

ती मागचा जिना चढून येत होती तेव्हा सिलिंडर मशीनवर आदळल्याचा आवाज झाला. वळणावर साहेब तिच्या अंगावरच आले. उजव्या डोळ्यावर रुमाल घट्ट दाबलेला, रुमाल लाल झालेला. तिला चुकवून ते त्याच जिन्याने खाली गेले. आत मामांचा हात सिलिंडर आणि मशीन यांच्यामध्ये अडकला होता. भिंतीवर एक लाल बटण असतं. ते दाबलं की चुंबकातला वायू छपरावरच्या नळीतून निघून जातो, चुंबक मरतं आणि मशीन कित्येक आठवडे निकामी होतं. तिने ते बटण दाबलं. मामांचा हात सुटला, तीन बोटं मात्र सुटली नाहीत.

पुढचं कुणालाही सांगता येईल. कमिटी बसली. साहेबांनी कानांवर हात ठेवले. ते त्या दिवशी त्या मजल्यावर नव्हतेच, बाहेर मीटिंगला गेले होते, रजिस्टरमध्येही तसंच लिहिलेलं. टेक्निशियनने दार उघडं टाकलं आणि अटेंडंटने स्वतःच्या मनाने सिलिंडर आत नेला, असा निकाल लागला. तिने रक्ताच्या रुमालाचं सांगितलं. मुलगी बापासाठी बोलणारच, असं म्हणून कमिटीने चहा मागवला. आठवडाभराने साहेब काळा चष्मा लावून कामावर आले. डोळे आले होते म्हणे. एक ओळखीची परिचारिका तिला हळूच म्हणाली की साहेब बाहेरच्या एका नेत्रतज्ज्ञाकडे गेले होते, बुबुळाच्या मागे कुठेतरी लोखंडाची ठिकरी बसलीय, काढायला जाणं धोक्याचं म्हणून तशीच ठेवलीय. लिहून देशील का, असं विचारल्यावर त्या बाईने तिच्याशी बोलणंच टाकलं.

उजव्या हाताची बोटं गेली, त्याचं मामांनी फारसं वाटून घेतलं नाही. डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला शिकले, सहीसुद्धा शिकले. त्यांचं मोडलं ते दुसरंच. कमिटीने त्यांना इतक्यांदा विचारलं, "साहेब नव्हते, तर तुम्ही कुणाचं ऐकलंत?" की हळूहळू मामाही तोच प्रश्न स्वतःला विचारू लागले. कागदावर सह्या होत्या, शिक्का होता. तीस वर्षं ज्या कागदांना मान दिला ते खोटं बोलतील, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. वर्षभरात ते म्हणू लागले, "मला भासच झाला असेल गं. माझेच कान फसले." मग त्यांचा कशावरच भरवसा राहिला नाही. दाराची बेल वाजली तरी आधी विचारायचे, "वाजली का गं खरंच?" तिने हो म्हटल्याशिवाय उठायचे नाहीत. एकट्याने घराबाहेर पडणं तर बंदच झालं. रस्त्यावर हॉर्न वाजला आणि आपल्याला ऐकूच आला नाही तर, म्हणायचे.

बोटांबद्दल तिने एखादे वेळी माफ केलं असतं. बापाचे कान नेले, ते ती माफ करणार नव्हती. तिने डूख धरला आणि अकरा वर्षं जपला. गावाच्या दुसऱ्या टोकाला या खासगी केंद्रात नोकरी धरली, प्रश्नांचा कागद स्वतः तयार केला, आणि त्यात नवव्या नंबरला लिहिलं: डोळ्यात कधी धातूचा कण किंवा तुकडा गेला आहे का? हा प्रश्न सगळीकडेच विचारतात. हिने तो ठळक अक्षरात छापून घेतला. प्रत्येक पेशंटला विचारताना तिच्या डोळ्यांसमोर एकच माणूस असायचा. म्हातारपणी कंबर दुखतेच, मान दुखतेच, एक ना एक दिवस तो या दारातून येईल, हा तिचा हिशेब.

आणि साहेब आले. मंगळवारी सकाळी सव्वाअकराला, मुलाच्या खांद्यावर हात टाकून, पाय ओढत. मणक्यात काहीतरी दाब पडत होता, पायातली ताकद चालली होती, एमआरआय बघितल्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हता. अंग सुकलं होतं, पण आवाज तोच. "बाई, जरा लवकर उरका, मला बसवत नाही." तिच्या तोंडावर मास्क होता, डोक्यावर टोपी. साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. अटेंडंट आणि टेक्निशियन यांच्या तोंडाकडे बघायची सवय त्यांना आधीही नव्हती.

कपडे बदलायच्या खोलीतून ते पाठीमागे नाड्या असलेला केंद्राचा झगा घालून आले. पँट, शर्ट, पाकीट, फोन, घड्याळ सगळं कपाटात गेलं आणि कपाटाची किल्ली नेहमीप्रमाणे तिच्या खिशात. मग ती कागद घेऊन समोर बसली. पेसमेकर? नाही. कानातलं यंत्र? नाही. कुठलं ऑपरेशन? हर्नियाचं, वीस वर्षांपूर्वी. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"डोळ्यात कधी धातूचा तुकडा गेलाय?"

"नाही."

"नीट आठवून सांगा. कितीही जुना, कितीही बारीक."

"नाही म्हटलं ना बाई. एकदा सांगून कळत नाही का?"

तिने तिसऱ्यांदा विचारलं. साहेबांनी तिच्या हातातून पेन घेतलं, नऊ नंबरपुढे 'नाही' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

कागद तिच्या हातात होता. बाकी काही करायचंच नव्हतं. टेबलावर झोपवायचं, बटण दाबायचं, टेबल आत जाणार. अकरा वर्षं निवांत बसलेली ठिकरी चुंबकाच्या ओढीने वळणार, आणि पुढे काय होतं ते तिने पुस्तकात वाचलेलं होतं. तिला कुणी बोट लावू शकलं नसतं. तीनदा विचारलं, तीनदा नाही, त्याच्याच अक्षरात, त्याच्याच सहीने. ती दाराशी जाऊन उभी राहिली. खोटं कशाला सांगायचं, तिला ते हवं होतं. त्या माणसाची किंकाळी काचेमागून ऐकायची, हे चित्र तिने भांडी घासताना, बसमध्ये, मामांच्या शर्टाला बटण शिवताना शंभरदा रंगवलं होतं.

मग तिला पुढचं दिसलं. डोळा गेलेला साहेब खाटेवर, भोवती माणसं, फळांच्या पिशव्या. बिचारे, किती भोगलं या वयात. आणि पेपरात पुन्हा टेक्निशियन. ठिकरी कुठून आली हे तरीही कुणी विचारणार नाही. मामा बातमी वाचून हळहळतील, साहेब चांगले होते म्हणतील. नाही, एवढ्या स्वस्तात ती सोडणार नव्हती. आंधळा साहेब तिच्या काय कामाचा? तिला लिहिणारा साहेब हवा होता.

ती केंद्राच्या डॉक्टरांकडे गेली. शांत, कमी बोलणारे गृहस्थ. "यांचं उत्तर मला पटत नाही," ती म्हणाली. "आधी डोळ्यांचा एक्स-रे काढू या." तिला पटत नाही म्हटल्यावर डॉक्टर कधी कारण विचारत नसत. साहेबांनी मात्र आकाशपाताळ एक केलं. वेळ चाललाय, कोण ही बाई, हिला कुणी नेमलं, मी मोठं इस्पितळ चालवलंय. मुलगा मध्ये पडला, "बाबा, दोन मिनिटांचं काम आहे." पस्तिशीचा, समजूतदार, दमलेला माणूस होता.

एक्स-रे आला. डॉक्टरांनी तो पडद्यावर लावला. उजव्या डोळ्याच्या खळग्यात, मागच्या बाजूला, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा पांढराशुभ्र ठिपका.

"हे काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

साहेबांनी पडद्यावरून नजर काढली. मग म्हणाले, "असेल काहीतरी जुनं. अकरा-बारा वर्षांत त्रास नाही, आता काय होणार? एवढासा तर तुकडा."

"आत घातलं असतं तर डोळा फाटला असता," ती म्हणाली. "तुकडा एवढासाच आहे, पण चुंबकाला तो पुरतो. तुम्हाला तेव्हाही हे कळत नव्हतं."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, पण बोलले साहेबांशी. "धातू कुठला, कधी गेला, कसा गेला, सगळं लिहून द्या. सर्जनला पाठवावं लागेल. पोलाद असेल तर तुमचं एमआरआय होणारच नाही, पाठीत सुई घालून दुसरी तपासणी करावी लागेल. शिसं वगैरे असेल तर बघू. अंदाजाने लिहू नका, यावर तुमचा डोळा आहे." एवढं सांगून ते दुसऱ्या पेशंटकडे गेले.

साहेबांनी पेन घेतलं. लिहिलं: गाडीच्या अपघातात.

तिने मास्क काढला, टोपीही काढली. "पोलाद आहे," ती म्हणाली. "ऑक्सिजनच्या सिलिंडरचं. मशीनच्या तोंडापाशी उभे होता तुम्ही. फोटोसाठी. मी जिन्यात होते."

साहेबांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. ओळख पटायला लागला तेवढा वेळही तिला अपमानासारखा वाटला.  मुलगा म्हणाला, "तो सिलिंडरचा अपघात? बाबा, तुम्ही तर तेव्हा मीटिंगला होता ना?" मग तो थांबला, आणि त्याच्या डोक्यात काहीतरी जुळत गेलेलं तिला स्पष्ट दिसलं. "तुम्ही पट्टी बांधून घरी आला होता. आईला सांगितलं, गाडीचं दार लागलं. आज लिहिताय, गाडीचा अपघात. नक्की काय?"

"किती वर्षं झाली त्याला," साहेब पुटपुटले.

"बाबा, खरं लिहा. पाय जायची वेळ आलीय तुमच्यावर."

 तिने फक्त पहिली ओळ खोडून सही घेतली आणि जागा करून दिली. साहेबांनी लिहायला घेतलं. अक्षर लागत नव्हतं, तेव्हा ती थंडपणे म्हणायची, "हा शब्द पुन्हा लिहा, सर्जनला वाचता यायला हवा." चार ओळी झाल्या. त्यात तारीख होती, मशीनची खोली होती, सिलिंडर होता.

"आत कुणी आणायला सांगितला, तेही लिहा."

"त्याचा तपासणीशी काय संबंध?"

"काही नाही," ती म्हणाली. "लिहा."

साहेबांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा मदतीला आला नाही. पाचवी ओळ लिहिली गेली.

पेशंटचा कागद कर्मचाऱ्यांना स्वतःसाठी केंद्राबाहेर नेता येत नाही, त्याचा फोटोही काढता येत नाही. हा नियम तिने स्वतः नव्या मुलींना बजावून सांगितला होता आणि ती तो मोडणार नव्हती. पण लिहिलेलं पेशंटने मोठ्याने वाचून खात्री करायची, ही तिच्या केंद्रातली जुनी पद्धत. तिने आपला फोन टेबलावर ठेवला, घरचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला. "फोन चालू आहे. पलीकडे मामा आहेत. आता वाचा."

"कोण मामा?" साहेबांनी विचारलं.

त्यांनी मुद्दाम विचारलं नव्हतं. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. तिची कानशिलं तापली. त्या क्षणी तिला ते टेबल, ते बटण पुन्हा आठवलं. ती एवढंच म्हणाली, "ज्याची बोटं तुमच्या फोटोत गेली, तो. वाचा."

मुलगा खुर्चीवरून उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. साहेब वाचू लागले. मीटिंगला न जाता खोलीत होतो, इथपर्यंत कसेबसे आले. शेवटच्या ओळीशी अडखळले. तिने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, दयेने नव्हे, वाक्य अर्धवट राहू नये म्हणून. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "मशीन बंद आहे असं समजून सिलिंडर आत आणायला मीच सांगितलं. अटेंडंट नको म्हणत होता."

 ती थांबली. मामा रडतील, असं तिला वाटत होतं. जाऊ दे म्हणतील, त्यांना सांभाळून घरी पाठव म्हणतील, अशी तिला धास्तीच होती. मामांचा स्वभाव तो.

"पुन्हा वाचायला सांग," मामा म्हणाले.

साहेबांनी पुन्हा वाचलं.

"बरोबर आहे. हेच शब्द होते," मामा म्हणाले. त्यांचा आवाज तिने अकरा वर्षांत असा ऐकला नव्हता. "साहेब, तुम्ही तिथेच बसा. हे कमिटीपुढे पण वाचायचंय, आणि मी सोबत येणार आहे."

"बाबांना बरं नाहीये हो," मुलगा फोनकडे वळून अजिजीने म्हणाला. मग तिच्याकडे हात पसरला, "ताई, कपाटाची किल्ली द्या ना. त्यांना घरी घेऊन जातो."

साहेब झग्याच्या मागच्या नाड्या एका हाताने आवळून खुर्चीवर बसले होते. पलीकडून कपाट उघडल्याचा, चपला ओढल्याचा आवाज आला. त्यापाठोपाठ दाराची कडी.

"मामा, रिक्षा बोलावून देऊ?" तिने विचारलं.

"नको. माझा मी येतो," मामा म्हणाले. "तू त्याला उठू देऊ नकोस."

तिने किल्ली खिशात आणखी खाली ढकलली आणि दारापाशी खुर्ची घेऊन बसली.